दारातली गाडी आणि आहेरातला टॉवेल

गाडीच्या रंगावर ओरखडे कोण पाडतं याची आमच्या वाशीम जिल्ह्यात चौकशी लावली, तर संशयितांची रांग लागेल. हिवाळ्यात बॉनेटवर चढून कोवळं ऊन खाणारी बकरी त्यात आहे. एका पत्र्यावरून दुसऱ्या पत्र्यावर जाताना मधला थांबा म्हणून गाडीचं छत वापरणारं वानर आहे. शेताच्या पांदणीत दोन्ही अंगांनी काटे पुढे करून उभी असलेली बाभूळ आहे. मागच्या काचेवरच्या धुळीत बोटाने बदाम काढणारं गल्लीतलं पोरगं आहे. मंगल कार्यालयाच्या दारात गाडीला खेटून मोटारसायकल लावणारा आणि वर “निंगते ना भाऊ तुमची गाडी, काहून घाबरता?” असं आपल्यालाच विचारणारा पाहुणा तर आहेच. मालक या सगळ्यांच्या नावाने दात खातो. ज्याला धरायला हवं तो मोकळाच राहतो, कारण तो मालक स्वतः असतो.

गुन्ह्याची वेळ रविवार सकाळची. जागा घरासमोरचा रस्ता. हत्यार जुनं बनियन. आणि गुन्हा घडतो तो गाडी धुताना कमी, धुऊन झाल्यावर पुसताना जास्त.

हे कुणाला पटत नाही. आमच्या कॉलनीत एक निवृत्त गुरुजी आहेत. त्यांची गाडी अजून एम.एच. 30 या अकोल्याच्या नंबरची आहे. 1 जुलै 1998 ला वाशीम जिल्हा वेगळा झाला, आम्हाला 37 नंबर मिळाला, पण गुरुजींनी ना गाडी बदलली ना मत. पुसल्याने रंगावर ओरखडे पडतात हे ऐकल्यावर ते ताडकन म्हणाले, “काहून बा? मी काय गाडीले पॉलिशपेपर घासून राह्यलो का?”

तेच तर करून राह्यले ना, गुरुजी. फक्त पॉलिशपेपर घरच्या घरी बनवून.

गाडीच्या पत्र्यावर आधी प्रायमर, त्यावर रंग आणि बहुतेक नव्या गाड्यांत सर्वांत वर एक पारदर्शक थर असतो. गॅरेजवाले त्याला क्लिअर कोट म्हणतात. शोरूममध्ये ज्या चकाकीला भुलून आपण सही करतो ती या थराची. त्याची जाडी साधारण 40 ते 50 मायक्रॉन. माणसाच्या डोक्यावरचा केस 70 मायक्रॉनच्या आसपास भरतो. म्हणजे बँकेचे हप्ते सात वर्षं भरायचे ते केसाहूनही पातळ अशा तेजासाठी. गुरुजींनी हे ऐकून टोपी नीट केली. केसांचा हिशेब त्यांच्याकडे कधीच मिटला आहे.

आता या केसभर थरावर काय फिरतं ते पाहा. आमच्या धुळीला मोठं घराणं आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी इथे लाव्ह्याचे थरावर थर पसरले, थिजले आणि त्यांचा काळा दगड झाला. तो दगड कुजून आमची काळी माती झाली, अर्धवट कुजला त्याचा मुरूम झाला, आणि त्याच्या पोकळ्यांत गारगोटी तयार झाली. फ्रीडरिख मोस नावाच्या खनिजशास्त्रज्ञाने 1812 मध्ये खनिजांच्या कठीणपणाची एक उतरंड लावून ठेवली आहे. तिच्यात हिरा 10 वर, गारगोटी 7 वर आणि आपलं नख जेमतेम अडीचवर. क्लिअर कोट गारगोटीच्या आसपासही नाही. पांदणीतून आलेल्या गाडीवर मुरमाची पूड बसलेली असते आणि आपण तिच्यावर ओलं बनियन दाबून गरगर फिरवतो. डायनासोरच्या काळात बाहेर पडलेल्या लाव्ह्याला इतकी वर्षं थांबून शेवटी काम मिळतं ते आपल्या बॉनेटवर.

“पण मी पाणी मारतो ना आधी!” असं गुरुजी म्हणतात. बरोबर आहे. पाण्याने ढोबळ माती जाते. चिकट, बारीक असेल ती राहते. ती डोळ्याला दिसत नाही, हाताला लागत नाही, आणि फडक्यात जाऊन बसली की पुढच्या दारापर्यंत सोबत करते. शिवाय बादली एकच. ज्या बादलीत फडकं पिळलं तिच्यातच ते पुन्हा बुचकळलं, म्हणजे काढलेली माती परत गाडीला लावली. शाबासकी आपल्याला मिळते ती मेहनतीची.

या ओरखड्यांची एक गंमत आहे. ते सावलीत दिसत नाहीत. संध्याकाळी गाडी धुतली, पुसली, दोन पावलं मागे सरून पाहिली, तर चकचकीत. दुसऱ्या दिवशी बारा वाजता उन्हात पाहिली की बॉनेटवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती गोल गोल जाळं. लोक म्हणतात, गोल हात फिरवला म्हणून गोल ओरखडे पडले. तसं काही नाही. ओरखडे आडवे, उभे, तिरपे, सगळीकडे असतात. उजेडाला काटकोनात येतात तेवढेच चमकतात, आणि त्यांचं मिळून वर्तुळ दिसतं. त्यामुळे सरळ रेषेत पुसलं की सुटलो, हेही खोटं. पांढऱ्या रंगावर हे जाळं लपतं, काळ्यावर चारचौघांत उघडं पडतं. आमच्याकडे पांढऱ्या गाड्या एवढ्या का, याचं कारण लोक ऊन सांगतात. मला त्यात थोडी अब्रूचीही काळजी दिसते. एखादा हौशी जावई काळी गाडी घेऊन येतो आणि मे महिन्यात, 43 अंशांत, सासऱ्याच्या अंगणात त्याच्या गाडीचं सगळं चरित्र वाचता येतं.

फडक्यांचं म्हणाल तर आमच्या जिल्ह्यात गाडी पुसण्यासाठी म्हणून कापड विकत घेणं हा उधळेपणा समजला जातो. कापडाला नोकरी असते. बनियन आधी अंगावर, मग घरात, मग ओट्यावर, मग सायकलवर, आणि शरीराची जाळी झाली की बढती मिळून गाडीवर. बाह्या कापलेला शर्ट येतो तो बटणांसकट. एका भल्या माणसाला मी विजारीच्या पायाने गाडी पुसताना पाहिलं आहे. चेन अजून शाबूत होती आणि डाव्या दारावर तिने आपली सही ठेवली होती. निवडणुका झाल्या की सगळ्या पक्षांचे दुपट्टे गाड्यांवर येतात. तिथे युती-आघाडी असा भेद उरत नाही. चकचकीत सिंथेटिक असल्यामुळे पाणी एकाही पक्षाचा दुपट्टा पीत नाही. सत्कारातली शाल तशीच. ती अंगावर घेतली तर घाम येतो, गाडीवर फिरवली तर पाणी नुसतं इकडचं तिकडे होतं. गावोगावचे सत्कारमूर्ती हे जाणतात, म्हणून नारळ घरात जातो आणि शाल डिकीत.

पण या सगळ्यांचा राजा म्हणजे लग्नात मिळालेला टॉवेल. टॉवेल-टोपीचा आहेर आमच्याकडे चुकत नाही. लग्नसराई उलटली की प्रत्येक घरात पेटीभर टॉवेल जमतात. ते कुणी वापरत नाही. जो तो पुढच्या लग्नात पुढे सरकवतो. एकच टॉवेल मंगरूळपीरहून मानोऱ्याला, मानोऱ्याहून कारंज्याला आणि तिथून पुन्हा मंगरूळपीरला आल्याची उदाहरणं असणार; टॉवेलांवर खूण करायची पद्धत नाही म्हणून पुरावा देता येत नाही. या टॉवेलात सूत कमी आणि खळ जास्त. पाण्यावर ठेवला तर तो आधी तरंगतो, विचार करतो, आणि मग बुडतो. एखादा कधी चुकून घडीतून बाहेर निघालाच तर तो थेट गाडीवर येतो. खळीचा कडकपणा आणि मुरमाची पूड या दोघांची त्या केसभर थरावर भेट होते. नवरदेवाकडच्यांनी मानाने दिलेली वस्तू असल्याने तिच्याविरुद्ध बोलताही येत नाही.

सरकारी गाड्यांची तऱ्हा आणखी न्यारी. साहेबांच्या सीटवर पांढराशुभ्र, जाड, टर्किश टॉवेल असतो. पाणी पिण्याची खरी लायकी असलेलं गाडीतलं ते एकमेव कापड, आणि ते साहेबांच्या पाठीशी. गाडीवर मात्र ड्रायव्हरभाऊ डॅशबोर्डखालून काढलेलं काळपट पिवळं फडकं फिरवतात, तेही कोरडं, तेही दर अर्ध्या तासाने, साहेब मीटिंगमध्ये असताना वेळ जात नाही म्हणून. धूळ बसलेल्या गाडीला कोरडं फडकं लावण्यासारखा दुसरा अत्याचार नाही. 2017 साली गाड्यांवरचे लाल दिवे उतरले. टॉवेल उतरला नाही आणि फडकंही बदललं नाही.

मग पुण्याहून भाचा येतो. प्रत्येक मामाच्या नशिबी एक असा भाचा असतोच. त्याच्या बॅगेत मायक्रोफायबरचे टॉवेल असतात आणि तोंडात जीएसएम. “मामा, हा बाराशे जीएसएमचा आहे. ट्विस्टेड लूप.” मामाला जीएसएम म्हणजे मोबाइलचं काहीतरी वाटतं. एका चौरस मीटर कापडाचं वजन किती ग्रॅम, एवढाच त्याचा अर्थ. वजन जास्त तेवढं कापड जाड आणि पाणी पिणारं. भाच्याला चिडवायला मजा येते, पण त्याचं म्हणणं खरं आहे. जपानच्या तोरे कंपनीत मियोशी ओकामोतो यांनी 1970 मध्ये रेशमाहूनही कितीतरी बारीक धागा काढून दाखवला. आधी त्याचं कृत्रिम कातडं बनलं, पुसायची फडकी पुढे आली. पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइड मिळून केलेला हा धागा चिरून त्याच्या फाका करतात. त्या फटींत पाणी शिरतं, आणि धुळीचा कण पृष्ठभागावर रगडला जायचा तो लवीत आत खेचला जातो. सपाट बनियनमध्ये कणाला दडायला जागा नाही. तो कापड आणि रंग यांच्यामध्येच राहतो. जुन्या ड्रायव्हर लोकांचं आवडतं शॅमॉय कातडंही सपाटच. पाणी झकास ओढतं, कणाला मात्र जागा देत नाही.

“कितीले पडलं हे?” मामा विचारतो. भाचा आकडा सांगतो. मामा तो टॉवेल दोन्ही हातांनी उचलतो, उजेडाकडे धरतो आणि म्हणतो, “एवढ्यात त आमच्याकडं गाडी धुऊन, पुसून, वर टायरले पॉलिश होते ना बे.”

होते, यात वाद नाही. अकोला-हिंगोली रस्त्यावरच्या वॉशिंग सेंटरमध्ये पोरं जीव तोडून काम करतात. फवारा जोरदार, फेस भरपूर. फक्त तुमच्या आधी तिथे मुरमाचा टिप्पर येऊन गेलेला असतो, त्याच्या आधी जेसीबी, आणि तिघांना पुसणारं फडकं एकच. पोराला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला फडकं मालक देतो, आणि “लवकर आटप रे, पाव्हण्याले उशीर होऊन राह्यला” हे आपण म्हणतो.

भाचा परत जातो, टॉवेल मामाला भेट देऊन. इथून त्या टॉवेलाची खरी कहाणी सुरू होते. मामी पहिल्या दिवशी त्याने ओटा पुसून पाहते. ओटा असा निघतो की शेजारच्या काकूंना बोलावून दाखवला जातो. टॉवेल स्वयंपाकघरात कायम होतो. त्याला हळद लागते, फोडणीचं तेल लागतं. महिन्याभराने मामा तो मागतो तेव्हा मामी नाइलाजाने त्याला वॉशिंग मशीनमध्ये टाकते, चादरी आणि सुती पंच्यांबरोबर, वर सुगंधासाठी सॉफ्टनर ओतून. सॉफ्टनरने त्या बारीक फटी बुजतात आणि टॉवेलाची पाणी प्यायची ताकद जाते. सुताची लव त्याला चिकटते ती वेगळीच. मग तो तारेवर वाळत पडतो, वारा येतो, टॉवेल अंगणात. अंगणात गेल्या हंगामातलं सोयाबीनचं कुटार आहे, गवताची कुसळं आहेत, एखादा गोखरूही आहे. मायक्रोफायबरची ख्यातीच मुळी हाती येईल ते धरून ठेवण्याची. मामी तो उचलून एकदा झटकते. “झालं ना, झटकला!” जमिनीवर पडलेलं फडकं गाडीसाठी बाद, हा नियम भाच्याने सांगितला होता. पण जमिनीवर पडलेलं बोर झटकून खाल्लेल्या घराला तो कसा पटणार?

पाण्याचा विषय निघाला की आमच्याकडे हसू थोडं आवरतं. वाशीम शहराला एकबुर्जीच्या धरणाचं पाणी. उन्हाळ्यात नळ कधी येईल त्याचं पंचांग तोंडपाठ ठेवावं लागतं, आणि नळाचं पाणी गाडीवर घातलं तर बाईमाणसं जे बोलतात ते छापता येत नाही. म्हणून गाडीला बोअरचं पाणी. ते जड. कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार त्यात भरपूर. थेंब पत्र्यावर वाळला की पाणी उडतं, क्षार मागे राहतो आणि पांढरा ठिपका उमटतो. तापल्या पत्र्यावर तो असा बसतो की खरवडल्याशिवाय निघत नाही, आणि खरवडला की पुढचं आपण जाणताच. खरं म्हणजे गाडी पुसायची ती एवढ्यासाठीच. पाणी नितळ असतं आणि ऊन मवाळ असतं, तर कुणी हातही लावायला नको होता.

आमची काटकसर इथे आणखी घात करते. पिण्याच्या पाण्याला आर.ओ. बसवलं की त्याच्या बाजूच्या नळीतून वाया जाणारं पाणी येतं. ते फेकवत नाही. ते बादलीत साठवून शेवटचा हात म्हणून गाडीवर ओतणारी सुजाण घरं मी पाहिली आहेत. प्यायच्या पाण्यातून वेगळे काढलेले सगळे क्षार त्याच पाण्यात एकवटलेले असतात. ते मारा फरशीला. कूलरच्या टाकीतलं पाणीही तसंच. दुपारभर उडून उडून जे उरतं ते आणखी खारवलेलं असतं. उलट ज्यांच्याकडे एसी आहे त्यांच्या भिंतीबाहेर नळीतून टपकणारं पाणी हवेतल्या वाफेचं असतं, क्षार जवळपास नाहीत. शेवटच्या खंगाळणीला त्याच्याइतकं फुकट आणि चांगलं काही नाही. पण एसीवाले ते शेजाऱ्याच्या अंगणात सोडतात, हा जिल्ह्याचा जुना दिवाणी प्रश्न आहे.

मग पुसायचं कसं? आपल्याच पूर्वजांकडे पाहा. पोळ्याला बैल धुतात. नाल्यावर नेऊन, पाणी मारून, हाताने चोळून लख्ख करतात. पण पाण्यातून बाहेर आलेल्या बैलाला बनियनने खसाखसा कोरडं करणारा शेतकरी कुणी पाहिला आहे? बैल अंग थरथरवतो, पाणी झटकतो, जरा उभा राहतो. शिंगं रंगवायची, झूल चढवायची ते अंग वाळल्यावर. गाडीला एवढी सवड दिली तरी अर्धं काम होतं. शेवटी पाणी मारताना नळीचं फवाऱ्याचं टोक काढून टाकायचं आणि छतावर पाणी संथ सोडायचं. फवाऱ्याने हजार थेंब बसतात. संथ सोडलेलं पाणी चादर होऊन घसरतं आणि जाताना बाकीच्या थेंबांना घेऊन जातं. मग उरलेल्यावर मोठा, स्वच्छ, जाड टॉवेल पसरायचा, वरून हलके थापटायचं, उचलायचं, पुढे ठेवायचं. नाहीतर दोन कोपरे धरून आपल्याकडे अलगद ओढायचा, हाताचा भार न देता. वरून खाली. दाराचा खालचा पत्रा आणि चाकाजवळचा भाग सर्वांत शेवटी, वेगळ्या फडक्याने, कारण चिखल तिथेच. हे सगळं ऊन चढायच्या आत, नाहीतर सावलीत. सावली कडुनिंबाची असेल तर वर बगळे, कावळे बसलेले नाहीत ना, एवढं पाहून.

यानंतर गाडी कोरडी झाली असं वाटतं. ते खोटं असतं. बाजूच्या आरशांच्या खोबणीत, दाराच्या कडीमागे, दिव्यांच्या फटींत, नंबरप्लेटखाली पाणी दबा धरून बसलेलं असतं, आणि आपण पायरीवर बसून चहाचा पहिला घोट घेतो तेव्हा आरशाखालून एक ओघळ दारभर खाली येतो. त्यावर उपाय वारा. कॉम्प्रेसर किंवा ब्लोअर असेल तर उत्तम, कारण वारा रंगाला हात लावत नाही आणि ज्याला हात लागला नाही त्याला ओरखडा पडत नाही. रिसोडकडच्या एका शेतकऱ्याने यावर नामी शक्कल काढली. सोयाबीन उफणायचा पंखा त्याने ओल्या गाडीकडे तोंड करून लावला. कल्पना शंभर नंबरी होती. पंख्याच्या जाळीत हंगामाचं कुटार अडकलेलं होतं, ते पहिल्याच झोतात बाहेर पडलं आणि गाडीला लव आली.

समृद्धी महामार्गाने आणखी एक काम वाढवलं. 11 डिसेंबर 2022 ला नागपूर ते शिर्डी रस्ता खुला झाला आणि कारंजा, शेलूबाजार, मालेगावच्या गाड्या ताशी 120 ने सुटू लागल्या. संध्याकाळी नागपूरहून घरी येईपर्यंत अर्धं कीटकशास्त्र बंपरवर चिकटलेलं असतं. ते धुऊन जात नाही, पुसायला घेतलं की पसरतं, आणि मग घरातून तारेची घासणी बाहेर येते. तारेची घासणी! ओलं फडकं बंपरवर पसरून पंधरा मिनिटं सोडलं तर किडे आपोआप सुटतात. पण पंधरा मिनिटं काहीही न करता उभं राहणं आपल्या पुरुषमंडळींना जमत नाही. काही ना काही घासल्याशिवाय त्यांना काम केल्यासारखं वाटत नाही.

वर्षातला सर्वांत मोठा घात मात्र दसऱ्याला होतो. त्या दिवशी जिल्ह्यातलं चाक असलेलं सगळं धुतलं जातं. नेमके तेच दिवस सोयाबीन काढणीचे. रात्रंदिवस मळणीयंत्रं धडधडत असतात, हवेत धूळ आणि कुटार, आणि त्यातच ट्रॅक्टर, मोटारसायकल, कार अशा क्रमाने घरातली सगळी वाहनं रांगेने ओली होतात. फडकं एकच, आणि ते फिरतं याच क्रमाने. ट्रॅक्टरच्या मडगार्डवरचा चिखल मोटारसायकलच्या टाकीवरून कारच्या दारापर्यंत सुखरूप पोचतो. घरातली लहान पोरं हौसेने हात लावतात, त्यांना रागवता येत नाही, सण आहे. मग बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक. ते दोन दिवस तसंच राहतं, देवाचं पुसायचं कसं म्हणून. तिसऱ्या दिवशी पुसायला गेलं तर रंगात उतरलेलं असतं. ते काढायला रबिंग पॉलिश येतं. रबिंग पॉलिश म्हणजे ओरखडे भरणारं मलम, असा सर्वत्र समज आहे. ते काही भरत नाही. ओरखड्याच्या आजूबाजूचा थर झिजवून सगळं एका पातळीत आणतं. केसाहून पातळ होतं त्यातलं आणखी गेलं. दोन-चार दसरे असे झाले की गाडी पूज्य होते, चमकत मात्र नाही.

आणि हे सगळं कुठे? तर वाशीममध्ये. वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्याच शाखेचा राजा हरिषेण; पाचव्या शतकात त्याच्या काळात अजिंठ्याची कितीतरी लेणी कोरली आणि रंगवली गेली. त्याच्या वराहदेव या मंत्र्याचा शिलालेख सोळाव्या लेण्यात आहे. आमच्या गावच्या राजवटीत दिलेला रंग दीड हजार वर्षांनी पाहायला परदेशातून लोक येतात, आणि आमच्याच गावात आज दिलेला रंग दीड वर्षात मळकट होतो. शतकानुशतकं त्या डोंगरात वटवाघळांखेरीज कुणी फिरकलं नाही, दर रविवारी बनियन घेऊन तर नाहीच. 1920 च्या सुमारास निजामाच्या राज्यात इटलीहून जाणकार बोलावले आणि रंग पक्के व्हावेत म्हणून त्यांनी चित्रांवर लाखेचं वार्निश दिलं. ते पुढे पिवळं पडलं, त्यावर धूळ बसली, आणि ते उतरवता उतरवता पुरातत्त्व खात्याची वर्षं गेली. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. आमच्या गुरुजींचाही नसतो.

गुरुजींना मी हे सगळं सांगून पाहिलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “म्हंजे पुसूच नोको म्हनता?” पुसा, पण कमी पुसा, ओलं असताना टिपा, कोरड्या धुळीला हात लावू नका. पाण्याची सोय नसेल तर गाडी मळकी राहू द्या. मळकी गाडी पुढच्या पावसात धुतली जाते; ओरखडलेली मेकॅनिककडे जाते आणि पैसे घेऊन जाते. यावर गुरुजी म्हणाले, “पन लोक काय म्हनतीन?” आता यावर मायक्रोफायबरचा काही उपाय नाही.

तेव्हा वाचकांना एकच विनंती. येत्या लग्नसराईत आहेरात टॉवेल द्यायचाच असेल तर मायक्रोफायबरचा द्या, चांगला जाड, अंगभर पसरेल असा. टोपी नाही दिली तरी चालेल. फक्त त्याच्या कोपऱ्यावर वधू-वरांची नावं जरीने शिवून घेऊ नका. जरीने ओरखडे पडतात.